अंड्यातले खिळे

अंडं फुटलं आणि अख्ख्या सभामंडपाचा श्वास अडकला.

वाडग्यात बलक पसरला होता आणि बलकात खिळे होते. केसांचा गुंता होता. काळ्या दगडाचा एक टवकाही होता. हेच अंडं मांत्रिक गोंडोबाबा आत्ता सगळ्यांदेखत सेकारच्या पोटावरून फिरवत होते! चटईवर पडलेली ती आठ-नऊ वर्षांची पोर तापाने फणफणली होती. तिची आई पदराने तोंड दाबून रडायला लागली. मागच्या बायका "या अल्ला, या अल्ला" करत पुढे सरकल्या.

"मी कोण? मी कुणीच नाही," गोंडोबाबांनी लवंगेच्या सिगारेटचा झुरका घेतला. "मेरापी बोलतो, मी ऐकतो. मघाशी मला म्हणाला, गोंड्या, जेवलास ना? मग ऊठ, पोर मरतेय."

जावा बेटावरचा एवढा मोठा ज्वालामुखी या गृहस्थांशी नेहमी जेवणानंतरच बोलायचा आणि तोही ज्या घरी कोंबडी शिजली असेल त्याच घरी.

बाबांनी दगडाचा टवका वर धरला. "ओळखा. बोरोबुदुरचा दगड आहे हा. देवळातल्या मूर्तीचं अंग तोडून कुणीतरी करणी केलीय. मागच्या आठवड्यात एक पोर गेलं, आता ही. नाव मी घेणार नाही. पण या गावात दगडाला छिन्नी कोण लावतं, ते तुम्हीच बघा."

नाव घ्यायची गरजच नव्हती. पर्यटकांसाठी बुद्धाच्या मूर्ती घडवणारा वगिरान रस्त्याच्या वळणावरच राहायचा.

खांबाशी उभ्या असलेल्या रेत्नोबाई पुढे आल्या. गावच्या शाळेत त्या पाचवीला शिकवत. "बाबा, पोटातून आलेला खिळा इतका नवाकोरा कसा? गंजाचा एक ठिपका नाही."

"बाई, तुमच्याकडे फळा असतो, आमच्याकडे पडदा. पडद्यामागचं तुम्हाला कसं दिसणार?"

लोक हसले. सेकारचा बाप सुकिर्नो हसला नाही. तो उठला आणि वाटेत पडलेली पहार उचलून चालू लागला. त्याच्यामागे गर्दी निघाली.

वगिरान अंगणात एका मूर्तीचे कान घासत बसला होता. सुकिर्नोला पाहून त्याने हसून विचारलं, "काय रे, पोरीचा ताप उतरला का?"

उत्तर म्हणून पहार त्याच्या खांद्यावर बसली.

मग कुणालाच काही सुचेना, की सगळ्यांना एकच सुचलं, कोण जाणे. कुणी लाथा घातल्या, कुणी बांबू. मूर्तींची मुंडकी फोडून ती त्याच्याच अंगावर फेकली. एकाने त्याचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि दुसऱ्याने त्याच्याच हातोड्याने बोटं ठेचली. वगिरान गुरासारखा ओरडला. रेत्नोबाई मध्ये घुसल्या, तर कुणाचं तरी कोपर तोंडावर बसून त्यांचा ओठ फाटला. मारणारे काही परके नव्हते. त्यातले निम्मे त्यांच्याच हाताखाली बेरीज-वजाबाकी शिकलेले होते.

"सुकिर्नो! अरे तुझ्या लग्नाचा मांडव यानेच घातला होता ना!"

"त्याच हातांनी माझी पोर खाल्ली, बाई!"

वगिरानला नारळाच्या झाडाला बांधलं. कुणीतरी मोटारसायकलीतून पेट्रोल काढून डबा भरला. तेवढ्यात गोंडोबाबा डुलत डुलत आले. त्यांच्या हातात अंड्यांची टोपली.

"थांबा. अन्याय नको," बाबा म्हणाले. "याच्या छातीवरून अंडं फिरवतो. आत काही निघालं नाही, तर सोडून द्या. निघालं, तर तुम्ही आणि तुमचं गाव. आधी मला मंत्र म्हणू दे."

रेत्नोबाईंनी पेट्रोलच्या डब्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. खिळे. लोखंड. लोखंड पोटातलं असो की पडद्यामागचं, ते लोखंडासारखंच वागणार! त्या धावत सुटल्या. शाळेच्या कपाटात फुटका लाउडस्पीकर पडला होता. त्याचं मागचं झाकण उचकटताना हात कापला, पण आतला जाडजूड लोहचुंबक निघाला. तो मुठीत धरून त्या धापा टाकत परत आल्या, तेव्हा मंत्र संपत आले होते.

"बाबा, अंडी कुठली?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"गावाचीच. ज्याच्या त्याच्या घरची. विचारा की!"

"आणि अंगावरून फिरवल्याशिवाय त्यात काही येत नाही?"

"कसं येईल? अंगातली करणी अंड्यात उतरते."

"मग अजून कुणालाही न लावलेली अंडी मला द्या."

बाबा काही म्हणायच्या आत त्यांनी टोपली ओढली आणि एक सूप घेऊन त्यात वरची अंडी ठेवली. सुपाखाली चुंबक धरला. अंडी ढिम्म. गर्दीतून कुणीतरी खिदळलं.

टोपलीच्या मधोमध कापडाचा एक थर होता. बाबांचा हात झटकन तिकडे गेला, पण बाईंचा हात आधी पोचला. कापडाखालची अंडी त्यांनी सुपात ठेवली. खाली चुंबक सरकवला, तशी अंडी गडगडत त्याच्यामागे धावली. चुंबक डावीकडे, अंडी डावीकडे. चुंबक उजवीकडे, अंडी उजवीकडे.

"जिन! जिन आहे तो!" बाबा किंचाळले. "हात लावू नका!"

"सुकिर्नो," बाईंनी एक अंडं त्याच्यापुढे धरलं, "हे कुणाच्या अंगाला लागलेलं नाही. फोड."

सुकिर्नोने ते पहारीवर आपटलं. बलकाबरोबर खिळे आणि केस त्याच्या तळहातावर ओघळले. बाईंनी कवचाचा तुकडा उचलून टोकावर नख चालवलं. मेणाचा बारीक गोळा निघाला, खाली भोक.

"इथून खिळे भरायचे, वर मेण लावायचं. तुमची अंडी वर, यांची खाली. फिरवताना हे अंडं उचलायचं, इतकंच. दगडाचा टवका वगिरानच्या उकिरड्यावर कुणालाही मिळेल."

झाडाला बांधलेला वगिरान कण्हत होता.

मग सुकिर्नोने पहार उचलली आणि तो गोंडोबाबावर धावला. गर्दीही धावली. तीच माणसं, तेच बांबू. पहिला दगड बाबाच्या तोंडावर बसला आणि दात सांडले. "जाळा याला! पेट्रोल आणा!"

रेत्नोबाई त्या लबाडाच्या अंगावर आडव्या पडल्या. एक बांबू त्यांच्या पाठीत बसला.

"मारा! मलापण मारा!" त्या ओरडल्या. "मघाशी तो म्हणाला म्हणून वगिरानला मारलंत, आता मी म्हणते म्हणून याला मारता! मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? याला पोलिसांकडे द्या. आणि ती पोर अजून चटईवर पडलीय, तिला कोण नेणार?"

पोर म्हटल्यावर सुकिर्नोच्या हातून पहार गळून पडली.

सेकार आणि वगिरान एकाच टेम्पोतून जवळच्या मुंतिलान शहरातल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. विषमज्वर होता. गावच्या विहिरीत वरच्या बाजूच्या शौचखड्ड्याचं पाणी झिरपत होतं. आधीचं पोरही बहुधा त्यानेच गेलं असावं. औषधाने सेकारचा ताप उतरला. वगिरानची दोन बोटं मात्र कायमची ताठ राहिली. पुन्हा त्याला छिन्नी धरता आली नाही. गोंडोबाबा आणि मारणारे, दोघांवरही खटले झाले.

तुरुंगात जायच्या आधी सुकिर्नो वगिरानच्या खाटेशी जाऊन बसला.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"वाटलं तर यायचं होतंस," वगिरान भिंतीकडे पाहत म्हणाला. "विचारायचं होतंस."

विहीर उपसायच्या दिवशी लोकांनी रेत्नोबाईंना चार शब्द बोलायला सांगितलं. कुणीतरी हार आणला होता. तो त्यांनी घेतला नाही.

"अंडं तुमच्या डोळ्यांसमोर फुटलं, म्हणून तुम्हाला ते खरं वाटलं," त्या म्हणाल्या. "डोळे फसतात. माझेही फसतात. अंडं फुटण्याआधी त्यात काय होतं, ते विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पोर आजारी पडली तर डॉक्टरकडे न्या, पाणी उकळून प्या. आणि प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत कुणावर हात उचलू नका. उत्तर मिळाल्यावरही नाही."