पुस्तकांच्या दुकानातला तराजू

पावशेर तपकीर. निळ्या शाईने रंगलेले एक बोट. न खपलेला अधिक महिना. दाराची तुटलेली बिजागरी. कुणाच्या तरी गोष्टीतली राणी.

हे सारे माझ्या पारड्यांत बसून गेले. मित्रांनो, मी महाडच्या बाजारातला एक जुना तराजू आहे आणि माझी उमेदीची वर्षे पुस्तकांच्या दुकानात गेली.

पुस्तके तोलून विकत नाहीत, असे तुम्ही म्हणाल. सहदेवही तेच म्हणाला होता. तो पोलादपूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून परतला आणि त्याने हे दुकान मांडले. आठ आण्यांच्या पुस्तकामागे त्याला आणा-दीड आणा सुटे. त्यातून दासगावच्या बंदरापर्यंतचे बोटभाडे जाई, मग बैलगाडीचे, मग जागेचे. न खपलेले पुस्तक मुंबईवाले परत घेत नसत. तेव्हा त्याची बायको चंद्रभागा किराणावाल्या हैबतीकडून मला घेऊन आली.

"पुस्तकांच्या दुकानात तपकीर?" सहदेव म्हणाला.

"अवो, वाचणारा म्हैन्यानं येतो. ओढणारा सकाळ-संध्याकाळ येतो."

तपकिरीतून जागेचे भाडे निघू लागले. पाडव्याआधी पंचांगे खपत. त्या पैशांतून शाळेच्या पुस्तकांची आगाऊ रक्कम मुंबईला जाई. ती पुस्तके विकून वर्ष निघे.

एका साली सहदेवने नुसती नव्या गणिताची पंचांगे मागवली, कारण त्यांवर सूट जास्त होती. नेमका त्याच साली जुन्या आणि नव्या पंचांगांत अधिक महिना वेगवेगळा आला. खोऱ्यातले भटजी जुन्याप्रमाणे चालणारे. शेजारच्या गावाच्या आधी महिनाभर गणपती कोण बसवणार? पंचांगे पडून राहिली. पाडवा उलटला आणि त्यांची रद्दी झाली.

रक्कम गेली नाही तर शाळेची पुस्तके येणार नव्हती. ती आली नाहीत तर दुकान बंद. हैबती पुड्यांसाठी रद्दी घ्यायला आला.

"नीट धर रे सहदेवा. काटा माझाच हाय. त्याच्या खोडी मला ठाव्या हायत."

तेवढ्या रकमेच्या वजनाला पंचांगे कमी पडली. मग गोष्टींची पुस्तके चढू लागली. सहदेवने एक जाड पुस्तक ठेवले. चंद्रभागेने ते उचलले.

ते आवडी नावाच्या एका बाईचे होते. म्हणजे तिने विकत घेतलेले नव्हे. आवडी जवळच्या सव गावची, नवरा मुंबईला गिरणीत. काही वर्षे तिथे राहून ती वाचायला शिकली होती. दर बाजाराला ती दुकानात उभी राहून त्या पुस्तकाची चार पाने वाचत असे आणि सासूसाठी पैशाची तपकीर घेऊन जात असे.

"तिचं निम्मं वाचून झालंय," चंद्रभागा म्हणाली.

"ती काय घेणार हाय ते?" हैबती म्हणाला.

"नाय घेणार. तपकीर घेते ना."

पारडे वर गेले. सहदेवने फळीच्या मागून एक पुस्तक काढले. छापखान्यात त्याने स्वतःच्या हाताने जुळवलेले पहिले पुस्तक. ते त्याने कधी विकायला मांडलेच नव्हते. त्याने ते पारड्यात ठेवले. दांडी सरळ झाली. माझे काम तेवढेच असते.

रक्कम मुंबईला गेली. शाळेची पुस्तके आली.

पुढच्या बाजाराला आवडी जिऱ्याची पुडी हातावर उलगडून दुकानात आली.

"दादा, हैबतीकाकांकडं जिरं घेतलं. ह्या कागदात एक राणी नदी उतरते नि पान संपतं. पुढचं हाय का तुमच्याकडं?"

सहदेवने कागद हातात घेतला. त्या ओळी त्यानेच जुळवल्या होत्या.

"नाय गो," तो म्हणाला. "विकलं गेलं."

दुकान आणखी काही पावसाळे चालले. मग पुस्तके संपली आणि तपकीर उरली. आता मी खुंटीला टांगलेला असतो. एक पारडे चेपले आहे. ते कुणी ठोकून सरळ केले नाही तरी चालेल. पण मित्रांनो, पुस्तकांच्या दुकानात उभे राहून खुशाल वाचा. निघताना मात्र काहीतरी घेऊन निघा, पैशाचे का असेना.

रद्दीच्या भावाने गेलेल्या राणीच्या त्या पुस्तकावर किंमत छापलेली होती. दहा आणे.