लोरेदानाचा पाद्री

मालागुती सरांनी ‘नाव मागे घे’ असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी हवेची चौकशी केली. तुमच्याकडे धुकं फार आहे का, एर्मेसला, म्हणजे मला, एवढ्या लांब गाडी चालवायला त्रास होईल, या वयात ही दगदग कशाला, असं सगळं ते फोनवर बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात सरांचा हात कुणी धरणार नाही. माझी बायको लोरेदाना एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पातेल्यातला रस्सा ढवळत होती. मी टेबलाशी बसून तिचं ‘हो सर, खरंय सर’ ऐकत होतो. आणखी दोनदा ‘हो सर’ झालं की ही जागाही गेली, हे मला कळत होतं.

आमच्याकडे विद्यापीठातली जागा कशी भरतात ते सांगतो. जागा जाहीर होते, परीक्षकांची समिती बसते, उमेदवार व्याख्यानं देतात, आणि कुणाला घ्यायचं ते या सगळ्याच्या आधीच ठरलेलं असतं. बाकीच्यांना त्यांचे त्यांचे गुरू फोन करतात. मग ते शहाण्यासारखे घरी बसतात, कारण पुढच्या वेळी त्यांची पाळी येणार असते. लोरेदाना याआधी तीनदा शहाण्यासारखी घरी बसली होती. तिची पाळी काही आली नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना कराराने व्याकरण शिकवायचं, सरांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, आणि प्रस्तावनेच्या तळाशी आभारांत आपलं नाव शोधायचं, यातच तिला चोपन्न वर्षं झाली. स्वतःचा विषय तिला कधी शिकवायलाच मिळाला नाही.

“यंदा मी येतेय, सर,” ती शेवटी म्हणाली. “धुक्याची आम्हाला सवय आहे.”

तिचा विषय प्रबोधनकाळातलं साहित्य आणि वक्तृत्वशास्त्र, आणि त्यातही पाद्री गास्पारो. साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेल्या या माणसाने लोकांसमोर कसं बोलावं यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तो कुणी वाचला नाही. माझ्या बायकोने वाचला, आणि लग्नानंतर घरात आम्ही तिघं राहायला लागलो. मी गुरांचा डॉक्टर. आमच्या दारावर दोन डॉक्टरांच्या पाट्या आहेत, पण बेल वाजते ती कायम गाईसाठी. जिला माणसं पटवण्याचं शास्त्र तोंडपाठ आहे, तिला एक माणूस पटवता येऊ नये, असं मी वैतागून म्हणायचो. ती म्हणायची, तुला पटवलं की. मी आधीच पटलेला होतो, त्यात गास्पारोचं काय कौतुक?

जिथे गेलो त्या गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून पगारावर आहेत. उमेदवार दोनच उरले होते, लोरेदाना आणि मिर्को. हा मिर्को समितीच्या अध्यक्षांचा चेला. तिशीतला, उंच, मान खाली घालून चालणारा. जागा त्याचीच होती. त्या काळच्या प्रहसनांवर त्याने दोन पुस्तकं लिहिली होती आणि मुलगा वाईट नव्हता, याचाच मला जास्त राग आला. माणूस नालायक असला की शिव्या तरी मनमोकळ्या देता येतात.

आदल्या दिवशी सकाळी चिठ्ठी काढून विषय ठरवायची पद्धत आहे. मालागुती सरही समितीत होते. त्यांनी लोरेदानाला दाराशी गाठून हळूच सांगितलं, की पाकिटांत एक विषय गास्पारोवरचा आहे आणि तो त्यांनी मुद्दाम तिच्यासाठी घातला आहे. बैल गेला अन् झोपा केला, त्यातलाच हा प्रकार. पहिली चिठ्ठी मिर्कोने काढली. ‘श्रोत्यांचं मत आधीच ठरलेलं असेल, तर वक्त्याने काय करावं? पाद्री गास्पारोचा विचार.’ मिर्कोचा चेहरा पांढरा पडला. लोरेदानाच्या वाट्याला शिकारीवरच्या कविता आल्या.

दुपारी मालागुती सरांनी मला कॉफी पाजली. अध्यक्षांना समितीत शत्रू कमी नाहीत, म्हणाले. उद्या मुलगा सगळ्यांदेखत अडखळला, तर बाकीचे दोघं उघड विरोध करतील, आणि मग आपल्याला लोरेदानाचं नाव पुढे करता येईल. मी धावतच हॉटेलवर आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दार किलकिलं झालं होतं.

खोलीत लोरेदाना केस विंचरत होती. मिर्कोचा फोन येऊन गेला होता. ग्रंथालयात त्याला गास्पारोवर काहीच मिळालं नव्हतं. जे काही होतं ते लोरेदानाने लिहिलेलं, आणि तेही अशा मासिकांत, जी तिथल्या ग्रंथालयात येत नव्हती. थोडा वेळ द्याल का, असं त्याने विचारलं होतं. ती त्याला खालच्या जेवणघरात भेटणार होती.

मी तिला कॉफीची सगळी हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतली.

“तू आजारी आहेस,” मी म्हणालो. “मी डॉक्टर आहे, मी सांगतो.”

“गाईंचा.”

“लोरे, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. तू काही वाईट करायचं नाहीयेस. नुसतं खोलीत बसून राहायचंय.”

“तेच करत आलेय मी,” ती म्हणाली. मग कंगवा ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, “एर्मेस, आजवर मला कुणी विचारलं नाही रे. कुणीच नाही. आज एक जण विचारतोय, आणि त्याला मी म्हणू की मला बरं नाही?”

ती खाली गेली. मी तणतणत तिच्या मागे गेलो आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसून दोघांकडे डोळे वटारून बघत राहिलो. मिर्कोने सुरुवातीला ओशाळून दोनतीन प्रश्न विचारले. तिने पहिल्याचं उत्तर द्यायला घेतलं आणि मग ती थांबलीच नाही. गास्पारोच्या काळचे बाकीचे गुरू सांगत, की लोकांचं मत ठरलेलं असेल तर आडवळणाने जा, विनोद करा, त्यांना झुलवा. गास्पारो म्हणतो, असलं काही करू नका. तुमचं ठरलंय हे मला माहीत आहे, असं उभं राहताच सांगा. आणि मग त्यांच्याशी बोलूच नका. दाराशी कुणीतरी उभा असतो, ज्याला बसायला जागा मिळालेली नाही आणि ज्याला कुणी मत विचारणार नाही, त्याच्याशी बोला. हे तिने अजून कुठे छापलंही नव्हतं. तेही तिने मिर्कोला दिलं. तिचे गाल लाल झाले होते, हात हवेत फिरत होते, आणि पुढ्यातलं जेवण थंड झालं होतं. मिर्को लिहायचं विसरून तिच्याकडे बघत होता. मी तिला शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. ती इतकी सुंदर दिसते हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि मी रागाने बसलो होतो.

जाताना मिर्कोने माझाही हात हातात घेतला. उद्या तुमचा घसा बसला नाही म्हणजे मिळवलं, असं मी म्हणालो. त्याला टोमणा कळला. शिकारीच्या कवितांवर लोरेदानाने त्या दिवशी एक अक्षर वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिर्कोचं व्याख्यान आधी होतं. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. तो बरा बोलला; खोटं कशाला सांगू, चांगलाच बोलला. अध्यक्ष मान डोलवत होते आणि विरोधातले दोघं ऐकायला लागले होते. माझ्या शेजारी लोरेदानाचे ओठ हलत होते. वाक्य तो उच्चारायचा, पण ते तिच्या तोंडात आधी तयार असायचं. आणि मग ऐन मोक्याच्या जागी तो थांबला. मत ठरलेल्या लोकांशी बोलायचं नाही, इथपर्यंत तो आला, आणि मग कुणाशी बोलायचं ते त्याला आठवेना. त्याने टाचण खालीवर केलं, पाण्याचा घोट घेतला. विरोधातल्या एकाने हसून दुसऱ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणालो, पड. देवाशपथ म्हणालो. लोरेदानाचा हात मी घट्ट धरला होता.

“दाराशी उभा असेल त्याच्याशी,” लोरेदाना म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. श्रोत्यांनी बोलू नये, असं अध्यक्ष म्हणाले. लोरेदानाने माफी मागितली. मालागुती सरांनी चष्मा काढून डोळ्यांवर हात ठेवला. मिर्कोने खोल श्वास घेतला आणि तिथून तो शेवटपर्यंत कुठे अडला नाही.

मग लोरेदाना शिकारीवर बोलली. त्या विषयात तिला जेवढं येत होतं तेवढं नीट सांगून ती खाली बसली. कुणी प्रश्न विचारला नाही. दुपारी निकाल लागला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा अंगणात घोळका जमला होता. मिर्कोची आई गावाहून आली होती. जाड कोट घातलेली, शेतात राबून हात रापलेले. तिने घरी केलेला भला मोठा केक आणला होता आणि बाकावर फडकं पसरून ती सगळ्यांना तुकडे कापून देत होती. अध्यक्ष होते, मालागुती सर होते. सर लोरेदानाजवळ येऊन पुढच्या वेळेबद्दल काहीतरी पुटपुटायला लागले. तिने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. “सर, थंडी आहे, टोपी घाला,” एवढंच म्हणाली.

मिर्कोने आईच्या कानात काहीतरी सांगितलं. ती हात पुसत तडक आमच्याकडे आली आणि तिने लोरेदानाला नखशिखांत पाहून घेतलं.

“काल हा फोनवर म्हणाला, आई, आज पहिल्यांदा मला कुणी तरी मनापासून शिकवलं,” ती म्हणाली. आवाज शेतावर हाका मारायचा, सगळ्या अंगणात गेला. “आता म्हणतोय, मगाशीसुद्धा तुम्हीच सावरलंत. त्याच्या बाई त्या तुम्हीच ना?”

अध्यक्षांचा घास हातातच राहिला. मिर्को कानापर्यंत लाल झाला, पण तो नाही म्हणाला नाही. मला वाटलं, लोरेदाना सवयीने काहीतरी नम्र बोलेल, मी कोण, मी पाहुणी, वगैरे.

“हो,” ती म्हणाली. “मीच.”

मी धुक्याकडे तोंड केलं, कारण माझं तोंड कुणी बघण्यासारखं राहिलं नव्हतं. वळलो तेव्हा लोरेदाना तिथेच उभी राहून केक खात होती. कालपासून ती पोटभर जेवली नव्हती. तिने सगळा तुकडा संपवला, बोटांना लागलेली साखरसुद्धा.

“अजून देऊ का, बाई?” मिर्कोच्या आईने विचारलं.

“द्या,” लोरेदाना म्हणाली.