इंजि. रहीम बागवान

"सही काय, चहा पिता पिता होईल," सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर केळकर यांनी कागद पुढे सरकवला. "घरचा इंजिनियर असताना बाहेरच्याला कशाला बोलवायचं?"

रहीमभाईंनी चष्मा लावला. बिबवेवाडीतल्या त्यांच्या इमारतीला तीस वर्षं झाली होती, आणि ती राहायला सुरक्षित आहे असा परवानाधारक इंजिनियरचा दाखला हवा होता. दाखल्याचा मजकूर केळकरांनी स्वतःच टाइप करून आणला होता. फक्त खाली सही नव्हती.

"रविवारच्या मीटिंगला आणतो," रहीमभाई म्हणाले.

रहीमभाई इंजिनियर नव्हते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले, कॉलेज सुटलं आणि त्यांनी एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी धरली. ती बत्तीस वर्षं केली. नकाशाच्या कोपऱ्यात, काढणाऱ्याच्या चौकटीत, बारीक 'र. बा.' लिहायचं आणि शेजारची सहीची मोठी चौकट साहेबांसाठी मोकळी सोडायची. ती चौकटही तेच आखत.

दारावरच्या पाटीचं झालं असं, की इथे राहायला आले तेव्हा पाटीवाल्यानं ऑफिसचा पत्ता पाहून, स्वतःची अक्कल चालवून पितळेवर 'इंजि. रहीम बागवान' कोरून आणलं. ते परत करायला निघाले, तर बायकोनं, अख्तरबानूनं, पाटी हातातून काढून घेतली.

"राहू द्या ना. लोकांनी दिलंय, आपण कुठं मागितलं?"

दर शुक्रवारी ती ओढणीच्या टोकानं पाटी पुसायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता तिचीच ओढणी घेऊन ते पुसत. खरं सांगायचं तर ते 'इंजि.' त्यांनाही फार आवडायचं. जिन्यात कुणी "काय इंजिनियरसाहेब" म्हटलं, की दिवस बरा जायचा.

संध्याकाळी ते पार्किंगमध्ये उतरले. जिन्याजवळच्या खांबाला उभी चीर होती. किल्लीनं ठोकून पाहिलं, तर पोकळ वाजला. आतली सळई गंजून फुगलीय, एवढं त्यांना कळत होतं. पण हा खांब अजून किती भार पेलेल, ते साहेब ठरवायचे. रहीमभाईंनी फक्त नकाशे काढले होते. वर चार मजल्यांवर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

रविवारी ते उभे राहिले. "मी इंजिनियर नाही. ड्राफ्ट्समन होतो."

केळकर म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही कंपाउंडरकडून औषध घेत होतो म्हणायचं!" दोघं-तिघं हसले.

"हो. ती पाटी मी तेव्हाच परत करायला हवी होती, चूक माझी आहे," रहीमभाई म्हणाले. "पण त्या खांबाला आजच टेकू लावा, आणि परवाना असलेल्या माणसाला बोलवा. माझ्या सहीवर विसंबून तुमची मुलंबाळं इथे झोपणार. तेवढा अधिकार मला नाही."

दोन दिवसांनी उल्का नावाची इंजिनियर आली. सगळे खांब तपासत तिनं नेमका तोच दाखवला. "टेकू कुणी सुचवला?"

केळकरांनी घसा साफ केला. "यांनी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मापं घेऊ लागली. टेपचं दुसरं टोक रहीमभाईंनी धरलं. तिच्या वहीत भराभर आकडेमोड उतरत होती. ती बघता बघता त्यांना तो सुटलेला वर्ग, खिडकीजवळचा आपला बाक इतका आठवला, की टेप हातातून निसटली.

"काका, घट्ट धरा ना."

त्यांनी धरली.

गुरुवारी नवी पाटी आली. नुसतं 'रहीम बागवान'. आधीपेक्षा चार बोटं लहान, त्यामुळे डावीकडची जुन्या स्क्रूंची भोकं उघडी पडली. जुनी पाटी त्यांनी कपाटात अख्तरबानूच्या कपड्यांखाली ठेवली.

शुक्रवारी ओढणी घेऊन ते दारात आले. हात सवयीनं डावीकडून सुरू झाला. आधी भोकं पडलेलं कोरं लाकूड पुसलं, मग नाव.