मालक गेल्याची चव

मी मधमाशी बोलतेय. बोहिनच्या खोऱ्यातल्या लोव्रेन्स मालकाच्या रंगवलेल्या पेटीतली. आता पंख झिजलेत, पण गोष्ट मी नुकती जन्मले होते तेव्हाची आहे. अंग अजून ओलं होतं, बाहेरचं ऊनही पाहिलं नव्हतं. त्या वयात जे पहिल्यांदा जिभेला लागतं, ते जन्मभर सुटत नाही बघा.

आमच्याकडे मालक वारला की चर्चची घंटा वाजायच्या आत माश्यांना सांगावं लागतं. पेटी ठोकायची, निरोप द्यायचा आणि मध घातलेली वाइन पाजायची. नाही सांगितलं, तर माश्याही मालकामागे जातात म्हणे.

लोव्रेन्स चेरीच्या झाडावरून पडला आणि निपचित झाला. त्याची बायको पोलोना डॉक्टरची वाटही न बघता त्याची टोपी उचलून आमच्याकडे धावली. टक, टक, टक. "मालक गेला गं बायांनो! आता मी आहे. तुम्ही तरी जाऊ नका."

मग पेटीत ती गोड वाइन आली. ती टकटक, टोपीचा वास आणि तो गोडवा, सगळं एकदमच आलं. मी जीभ बाहेर काढली आणि पोटभर प्याले.

तेवढ्यात शेजारीण नेझा ओरडली, "अगं पोलोना, रडतेस काय! तो शिव्या देतोय. मेलेलं माणूस शिव्या देतं होय?"

त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत मालक जिवंत आहे हे आम्हाला सांगायचं राहूनच गेलं. त्याचा हात ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माश्या एकेक करत शेतात गेल्या, परतल्या नाहीत. उरलो आम्ही, त्या दिवशी प्यालेल्या.

चेरीचा हंगाम संपल्यावर तो काठी टेकत आला, डोक्यावर तीच टोपी.

"सांग त्यांना," पोलोना म्हणाली.

"काय सांगू? मी मेलो नाही म्हणून? गाव हसेल मला."

"हसू दे मेल्यांना. सांग म्हणते ना!"

त्याने पेटी ठोकली, मागचं दार उघडलं आणि तसाच थिजला. आतल्या प्रत्येक माशीची जीभ त्याच्याकडे ताणलेली होती.

"पोलोना," तो हळूच म्हणाला, "ह्या माझ्या मयताचं जेवण मागतायत."

"चुकलं रे माझं," ती म्हणाली.

तेव्हापासून तो रोज येतो. पुन्हापुन्हा ठोकतो, "मी आहे गं, जिवंत आहे," म्हणतो आणि काहीच पाजत नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या जिभा थकून आत जातात. ते बघून त्याला बरं वाटतं, तो जेवतो. पण सकाळी पुन्हा टक, टक झालं की सगळ्या जिभा बाहेर! मग त्याचा घास तसाच राहतो. दिवसेंदिवस वाळत चाललाय बिचारा. पोलोना रडून सांगते, "नको जाऊस रे तिकडे." ऐकतो कुठला!

मला त्याची फार दया येते. पण ती टोपीच्या वासाची वाइन आम्ही पोळ्यात साठवलीय, आणि नव्या जन्मलेल्यांना मीच त्यातला घास भरवते. आता त्याही टोपीच्या वासाला जीभ काढतात.

आज तो पेटीला कान लावून बसलाय. श्वास जड झालाय त्याचा.

मालक, तुम्ही जिवंत आहात, कळतं आम्हाला. पण पाया पडते, ठोकू नका. ठोकलंत की आम्हाला भूक लागते.