बटर नको

सुरीच्या पात्यावर बटरचा पिवळट गोळा थरथरत होता, आणि त्याखाली, दुकानदार गॅस्परच्या डाव्या पंजात, मधोमध चिरलेला बेगल, तो भोकाचा गोल पाव, वाफ सोडत उघडा पडला होता — म्हणजे रोना गेल्फंडच्या हातात फार तर तीन सेकंद होते. गोळा एकदा बेगलवर टेकला की संपलं. अकरा वर्षं हेच होत आलं होतं. ती दारातून आत शिरायची, पुढे सहा-सात माणसं असायची, आणि गॅस्पर त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडायचा, "बटरबाई आल्या! एक एव्हरीथिंग, बटर लावून!" एव्हरीथिंग म्हणजे वर तीळ, खसखस, लसूण असं सगळंच लावलेला बेगल. रांगेतली माणसं वळून तिच्याकडे जरा असूयेनंच बघायची, कारण लाँग आयलंडच्या या गावात तुम्ही तोंड उघडण्याआधी दुकानदाराला तुमचा बेगल ठाऊक असणं हा मान होता, आणि तो मिळवायला काहींची वीस-वीस वर्षं गेली होती.

मान कसला... दोन चौक पलीकडच्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी ती याच काचेपुढे उभी राहिली होती, आणि बेकनच्या 'ब'वर तिचे ओठ मिटले ते मिटलेच. मान ताठ, डोळे गच्च, मागे पंधरा माणसं. गॅस्पर स्वभावानं चांगला, पण हाताला घाई; तो म्हणाला होता, "बटर का?" आणि तिनं मान हलवली. लोक एका होकारापायी संसार निभावून नेतात, तिनं बटर निभावलं. दर रविवारी घरी नेऊन ओट्याशी उभ्यानं खाल्लं आणि छान आहे असं स्वतःला बजावलं.

आणि हीच रोना लिहायला बसली की कुणाची भीडमुर्वत ठेवत नसे. गावाच्या फेसबुक-पानावर ती टोपणनावानं दर रविवारी एका दुकानाच्या नाश्त्याच्या सँडविचला दहापैकी गुण द्यायची, तेही दशांशासकट. सँडविच ठरलेलं — एव्हरीथिंग बेगल, त्यात बेकन, अंडं, चीज, मीठ-मिरी-केचप — नाहीतर तुलना कशाची करणार? 'अंडं गिळायला पाणी मागून घ्यावं लागलं, ४.३.' एका दुकानदारानं तिच्या ६.१ चा राग येऊन तवाच बदलला होता. एकतीस दुकानं झाली होती, आणि त्या सगळ्यांकडून सँडविच तिनं फोनवरच्या ॲपमधून, बोटानं मागवलं होतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. गॅस्परकडे फोनवरून मागवणं चालत नसे. तिथे तोंडानं मागावं लागे. 'गॅस्परचे गुण कुठायत?' लोक विचारू लागले होते. 'तिथे फुकट खातेस की काय?' हे मात्र झोंबलं. अडखळते म्हणून लोक हसले तर ते ती शाळेपासून सोसत आली होती, पण लबाड म्हटलेलं तिला सोसवेना. काल संध्याकाळी रागाच्या भरात तिनं लिहून टाकलं — उद्या गॅस्पर. आणि मग रात्रभर उशी उलटीसुलटी करत पडून राहिली.

गोळा खाली येत होता.

"न-नको," ती म्हणाली.

सुरी थांबली. "काय नको?"

"ब-ब-बटर. बटर नको."

"अहो, अकरा वर्षं खाताय की तुम्ही बटर." गॅस्परचा चेहरा खरोखर पडला होता. "काही बिघडलं का त्यात?"

"नाही. मला हवंय एव्हरीथिंग, आणि त्यात..."

आणि आली ती भिंत. पळवाट होती, पळवाट नेहमीच असते — 'सॉसेज' म्हणता आलं असतं, 'हॅम' तर अलगद निघालं असतं. जन्मभर ती अशीच बोळाबोळांतून पळत आली होती, अडणारा शब्द टाळायचा आणि शेजारचा उचलायचा, आणि त्या पायी नको असलेल्या किती गोष्टी पदरात पडल्या होत्या... एकदा तर तिकिटं काढणाऱ्या बाईपुढे उबदार बर्म्युडाचा 'ब' निघेना म्हणून ती उत्तरेतलं थंडगार 'मेन' राज्य म्हणाली होती आणि आठ दिवस कुडकुडत समुद्र बघून आली होती. आज नाही. आज बोळात शिरायचं नाही.

ओठ मिटले. तव्यावर चरचर चालली होती. मागून मेट्स या बेसबॉल संघाची टोपी घातलेला एक म्हातारा कनवाळूपणे म्हणाला, "अरे, बेकन म्हणतेय ती. बेकन ना गं पोरी?"

अशा मदतीनंच तर तिचा घात केला होता. तिनं मागे न बघता हात वर केला. "म-मी सांगते."

आणि सांगितलं. एक 'ब', दुसरा, तिसरा, मग नुसताच मिटलेल्या ओठांमागे कोंडलेला श्वास — आणि मग बेकन, अख्खं, तिच्या स्वतःच्या आवाजात. "अं-अंडं. च-च-चीज. मीठ, म-मिरी, केचप." शेवटचे तीन शब्द इथली माणसं एका दमात, एकच शब्द असल्यासारखे म्हणतात, तिला मात्र एवढा वेळ लागला की तेवढ्यात एखाद्या अख्ख्या कुटुंबाची ऑर्डर झाली असती. छत कोसळलं नाही. रांगेत कुणीतरी फक्त जांभई दिली, आणि त्या जांभईनं रोनाला इतका आनंद झाला की तिला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मी अडखळले, आणि त्याला कंटाळा आला. एवढंच. एवढंच होतं हे?

"बेगल भाजून देऊ?" गॅस्परनं विचारलं.

"भट्टीतून आत्ता काढलेला बेगल कोण भा-भाजतं?"

रांग हसली, गॅस्पर सगळ्यांत मोठ्यानं. "बघत होतो, गावातल्याच आहात ना." पुडकं तिच्या हातात देताना तो म्हणाला, "बरं, आता लक्षात ठेवतो. पुढच्या रविवारी आल्या आल्या बेकन."

"लक्षात न-नका ठेवू," रोना म्हणाली. "विचारा मला."

गाडीत बसून तिनं मांडीवर चंदेरी कागद उलगडला. पहिला घास — वरचं कवच दातांना जरासं अडून मग सुटलं, आत मऊ, चिवट, बेकन कुरकुरीत, चीज विरघळून अंड्याला बिलगलेलं... आणि केचप जरा जास्तच. अंड्याची कडही करपलेली. तिच्यातली ती जुनी कडक बाई लगेच म्हणाली: सात पूर्णांक चार. पण छातीत जे काही उसळत होतं ते सात पूर्णांक चार नव्हतंच, ते दहा होतं, दहाच्याही वर होतं, आणि दहा तिनं कधी कुणाला दिले नव्हते. मागणारी जीभ तीच, चाखणारीही तीच, मग यातले किती गुण सँडविचचे आणि किती माझे? खरं सांगायचं तर खरं कुठलं? तिनं आणखी एक घास घेतला, आणि तोंड भरलेलं असतानाच तिला हसू फुटलं.

काचेवर टकटक झाली. मेट्सची टोपी, हातात कागदी पिशवी. तिनं काच खाली केली.

"ती गुण देणारी तूच ना?" म्हातारा म्हणाला. "माझी मुलगी दर रविवारी मला वाचून दाखवते. आज गॅस्पर म्हणाली होतीस, आणि सँडविचही तेच मागितलंस. मघाशी मध्ये बोललो, त्याचं मनावर घेऊ नकोस. मग, किती दिलेस?"

मान हलवून नाही म्हणता आलं असतं. पानावर वाचा म्हणता आलं असतं. तिनं हनुवटीवरचा केचप पुसला आणि तोंड उघडलं, आणि शब्द अडला, नेहमीच्याच जागी. म्हाताऱ्यानं या खेपेला तो तिच्या पुढ्यात टाकला नाही. गाडीच्या टपावर कोपर टेकून तो थांबला. भिंत तीच होती, पण तिच्यापुढे डोळे उघडे ठेवून उभं राहता येतं हे रोनाला आज पहिल्यांदाच कळत होतं — फुटपाथवरचा मळका बर्फ दिसत होता, बोटांना चिकटलेली खसखस दिसत होती, म्हाताऱ्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ दिसत होती. कुठला आकडा बाहेर पडणार हे अजून तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, आणि तिला जराही घाई नव्हती.