चौतीस दिवस आधी

"पाणी ठेव," माझा नवरा लाओ दुआन दारातूनच म्हणाला. "क्वांगचौहून आलेला चहा पिऊ आज."

मी वाटाणे सोलत बसले होते. मांडीवरचं सूप घसरलं नि दाणे अंगणभर झाले. घर विकून आलो म्हणाला असता, तरी मी इतकी हादरले नसते.

तो चहा येऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. आमची लेक जन्मली त्या वर्षी शियाग्वानच्या कारखान्यात नवऱ्यानं स्वतः दगडाखाली दाबलेली ती चहाची चकती. धाकट्या दिरानं ती दक्षिणेला, क्वांगचौला नेली आणि तीस वर्षं ती तिथल्या दमट हवेत राहिली. दीर गेल्यावर पुतण्यानं परत पाठवली. आमच्या गावात कोरडा वारा. असा चहा आला की लाओ दुआन तो हातानं सुटा करी, मातीच्या बरणीत भरी, तोंडावर कागद बांधी आणि चाळीस दिवस कुणाला शिवू देत नसे. परगावाहून आलेल्या सुनेला पहिल्याच दिवशी गायला सांगाल का, म्हणे.

तसा तो गोदामात थप्प्या हलवणारा साधा माणूस. बढती नाही, कौतुक नाही. पण या एका गोष्टीत हटत नसे. एकदा कारखान्याचे साहेब घरी आले, त्यांनाही नुसतं गरम पाणी पाजून परत पाठवलं होतं. शेजारची यांगकाकू म्हणायची, दुआनकडे चहा मागावा लेकीच्या बारशाला आणि प्यावा तिच्या लग्नात.

आणि आता तोच माणूस कागदाची गाठ सोडत होता.

"म्हाताऱ्या, अजून चौतीस दिवस आहेत."

"मोजता येतं मला."

सकाळी तो तोफू आणायला म्हणून गेला होता. मी पिशवीत पाहिलं. तोफू नव्हता, इस्पितळाचं मोठं पिवळं पाकीट होतं. खोकला साधाच आहे, असं तो महिनाभर सांगत होता.

"मी डॉक्टरला विचारलं, चौतीस दिवस थांबता येईल का," तो चहाची पानं मोजून घेत म्हणाला. "त्याला वाटलं, ऑपरेशनचंच विचारतोय."

"मग?"

"म्हणाला, थांबूनही उपयोग नाही आणि करूनही नाही."

मी होते तिथेच बसले. सांडलेले दाणे एकेक वेचत राहिले. शेवटी किटली त्यानंच चढवली.

पहिलं पाणी त्यानं ओतून टाकलं. दुसऱ्या पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. ओल्या पोत्याचा वास.

"छान आहे," मी म्हटलं.

"खोटारडी." तो हसला, मग बराच वेळ खोकला. आपला पेला मात्र त्यानं तळापर्यंत संपवला आणि पुन्हा भरला. असं सात वेळा. प्रत्येक पेल्याला तो डोळे मिटून काहीतरी शोधत होता.

"हा वास महिन्याभरात जाईल," तो म्हणाला. "मग वाळलेल्या बोरांचा येईल. गोडी लगेच लागणार नाही. घोट उतरला की घशातून वर येते, सावकाश. पाणी खळखळून उकळलेलं घे. तू नेहमी घाई करतेस."

"मी एकटी नाही पिणार."

"मग यांगकाकूला बोलव. तिचं तोंड तरी बंद होईल."

मला हसू आलं, आणि त्याचाच धक्का बसला.

उरलेला चहा त्यानं परत बरणीत भरला, नवा कागद बांधला, वर पेन्सिलीनं तारीख लिहिली. त्याच्या बरण्या सगळ्या वरच्या फळीवर असत. मला स्टूल लागे. आज त्यानं खालच्या फळीवरचे मिरचीचे डबे बाजूला सारले आणि बरणी तिथे ठेवली.

"उभी राहा," तो म्हणाला. "हात पोचतो का बघ."

मी हात लांब केला. पोचला.