बॉनेटमधली बाई

"गप्प झाली! गप्प झाली!" एन्कान्सा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबत ओरडला आणि घानातल्या टेचिमनचा अख्खा वडाप स्टँड गुडघ्यांवर बसला. ड्रायव्हर, कंडक्टर, टमाट्यांच्या पाट्या घेऊन आलेल्या बाया, सगळे. "आमेन!"चा असा गलका उठला की माझ्या गॅरेजचे पत्रे थरथरले. घाटातल्या उताराला बाईसारखी विव्हळणारी त्याची गाडी आज टेकडीवर जाऊन आली तरी मुकी होती. आणि ज्यानं ती मुकी केली तो प्रॉफेट अम्पोन्सा पांढऱ्या झग्यात उभा होता. बोटं मलमानं माखलेली, डोळे आभाळात.

"बंधूंनो, ही गाडी रडत नव्हती! हिच्या बॉनेटमध्ये एक बाई बसली होती! रात्री देह सोडते, पहाटे बॉनेटमध्ये शिरते! गाडी साठच्या वर गेली की तिला धाप लागते, म्हणून रडते!"

चेटकिणीला स्पीडोमीटर वाचता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"सात दिवस या बॉनेटला मेस्त्रीचा हात लागता कामा नये! लागला तर तो हात झडेल!"

हे माझ्याकडे बघून. मी अग्येई. स्टँडला खेटूनच माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. महिन्याभरात सात गाड्या रडायला लागल्या होत्या आणि एकही माझ्याकडे आली नव्हती. दर रविवारी मलम, दर गुरुवार-शुक्रवारी पुन्हा रडगाणं, की पुन्हा रविवारी मलम. मी आपला हसत होतो. लोकांना मूर्ख बनायचं असेल तर बनू द्यावं, माझ्या बापाचं काय जातं? हा माझा शहाणपणा.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी विचारलं, "पण प्रॉफेट, ही बाई आहे तरी कोण?"

अम्पोन्सानं नाक वर करून हवा हुंगली. "जी रोज सकाळी तुमच्या पोटात काहीतरी गरम ओतते, ती."

स्टँडच्या फाटकाशी बाजरीची पेज आणि चवळीची भजी विकणारी एकच बाई होती. सेर्वा. माझी आई.

ज्या एन्कान्साला आईविना पोर म्हणून तिनं वर्षानुवर्षं फुकट पेज पाजली, त्यानंच पातेलं लाथाडलं. उकळती पेज तिच्या पायावर सांडली. मी गर्दी फोडून पोचेपर्यंत ती मातीत बसली होती आणि पाठ करून उभ्या राहिलेल्या एकेकाला नावानं हाका मारत होती. हरामखोरांपैकी एकानंही मान वळवली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिचा पाय धूत होतो. ती हळूच म्हणाली, "अग्येई, झोपेत माणसाला काही कळत नाही ना रे?"

"नाही कळत. का?"

"मग मी जात असेन का?"

"कुठे?"

"बॉनेटमध्ये."

मी तांब्या खाली ठेवून तिच्याकडे बघितलं.

"असं बघू नकोस," ती म्हणाली. "इतकी माणसं सांगतात, ती सगळीच खोटी असतील का? रविवारी सगळ्यांसमोर कबूल करते. मला गावाबाहेर काढतील, काढू देत. तुझं गॅरेज तरी वाचेल."

त्या क्षणी मला कळलं की त्यांनी तिचा नुसता पाय भाजला नाही, तिचं डोकंही पळवलं. अम्पोन्साला मी सोडणार नाही, अशी मनाशी शपथ घेतली.

गुरुवारी एन्कान्साची गाडी पुन्हा रडत आली. तो जेवायला गेला, मी भरदुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या बॉनेटपाशी गेलो. हात झडायचा तर झडो. बॉनेटच्या पुढच्या कडेला चकचकीत पट्टी असते, सहा क्लिपांवर बसवलेली. मधल्या दोन क्लिपा गायब. खाली रंगावर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याचे ओरखडे. पट्टी मध्येच जराशी उचललेली, आणि फटीतून पिवळट काहीतरी वितळून ओघळलेलं. बोटानं घेऊन हुंगलं. मेणबत्तीचं मेण आणि शियाच्या बियांचं लोणी! रविवारी सकाळच्या गारव्यात घट्ट बसणार, इंजिनाच्या धगीनं चार दिवसांत वितळणार. वा रे मलम!

उरलेल्या सहा गाड्या पाहिल्या. त्याच दोन क्लिपा, तेच ओरखडे. या गाड्यांना रोज हात लावणारा एकच माणूस होता, स्टँडवर गाड्या धुणारा बेंटिल. रविवारी तोच अम्पोन्साच्या प्रार्थनेला ढोल बडवायचा.

तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. पण चेटकिणीच्या पोराचं कोण ऐकणार? आणि खरं सांगू? मला नुसतं सांगायचं नव्हतं. मला त्याला त्याच्याच मलमात बुडवून मारायचं होतं.

शनिवारी संधी चालत आली. प्रॉफेटचा ड्रायव्हर त्याची पांढरी जीप घेऊन दारात. "उद्या मोठी सभा आहे, पॉलिश मारून दे. तुझी आई काही का असेना, तुझ्यासारखा हात गावात नाही."

"या ना, या," मी म्हणालो. पॉलिश असं मारलं की तोंड दिसावं. आणि पट्टीच्या मधल्या दोन क्लिपा काढून खिशात टाकल्या.

रविवारी स्टँड तुडुंब भरला. आई स्टुलावर बसली होती, पाय फडक्यात गुंडाळलेला, ओठांत कबुलीचे शब्द घोळवत. आणि टेकडीच्या उतारावरून आवाज आला. ऊं... ऊंऽऽ! सातही गाड्या स्टँडवर उभ्या, आणि प्रॉफेटची जीप रडत येत होती! मी मनात टाळ्या पिटल्या.

जीप थांबली. एन्कान्सा पुढे झाला. "सेर्वा इथे बसलीय आणि रडणं तिकडे? म्हणजे दुसरी आहे! गाडीत बाई कोण आहे?"

मागच्या सीटवर अम्पोन्साची म्हातारी आई होती. सभेला नटूनथटून आलेली.

पट्टी सैल झालीय, एवढे तीन शब्द तो बोलला असता तर म्हातारी सुटली असती. ते शब्द त्याला परवडणारे नव्हते. त्यानं गर्दीकडे पाहिलं आणि स्वतःच्या आईकडे बोट केलं. "सैतान घरातच शिरतो, बंधूंनो! मला संशय होताच!"

लोकांनी तिला लुगड्याला धरून ओढून काढलं. खोटं बोलत नाही, क्षणभर मला बरं वाटलं. घे लेका, चाख! मग ती मातीत पडली आणि लेकाला नावानं हाक मारायला लागली. सूड मी त्याच्यावर घ्यायला निघालो होतो. पाडलं कोणाला?

माझ्याआधी आई उठली. लंगडत जाऊन म्हातारीपुढे उभी राहिली. "हिला सोडा. मीच ती. माझं नाव घ्या."

"आई, गप्प बस!" मी बोंबललो आणि कॉम्प्रेसरचा पाइप ओढत धावलो. "एन्कान्सा, तुझ्या गाडीची किल्ली काढ! इंजिन बंद आहे ना? आता ऐक."

मी नोझल त्याच्या बॉनेटच्या फटीवर धरलं आणि हवा सोडली. ऊंऽऽ! जागेवर उभी गाडी विव्हळली. लोक मागे सरले. मी पट्टीवर अंगठा दाबला, आवाज बंद. उचलला, सुरू. "पिपाणी आहे ही! पान ओठांत धरून फुंकता, तेच! वेगात वारा फटीत शिरतो आणि पट्टी थरथरते. क्लिपा या बेंटिलनं काढल्या. प्रॉफेटच्या जीपच्या मात्र मी काढल्या, या बघा! म्हातारीला माझ्यामुळे मातीत पडावं लागलं, त्याचा जाब मला विचारा."

बेंटिल ढोल टाकून पळायला निघाला. बाजारातल्या बायांनी त्याला धरला. दोन थपडांत पोपटासारखा बोलला, मेण कुठे वितळवतात त्यासकट.

अम्पोन्सा जीपमध्ये उडी मारून सुटला. स्वतःच्या आईला तिथेच टाकून! जीप टेकडी ओलांडेपर्यंत रडत होती, आणि अख्खा स्टँड पोट धरून हसत होता. मीही हसलो. का नाही हसायचं?

आई हसली नाही. तिनं म्हातारीला स्वतःच्या स्टुलावर बसवलं. मग माझ्या हातातून पाइप घेतला, हवा सोडली, अंगठा ठेवला, उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. "ही मी नाही," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "अग्येई, ही मी नाही रे!"

लोकहो, आवाज आला तर बॉनेट बघा. ताप आला तर डॉक्टर बघा. आणि कोणी बाईकडे बोट दाखवलं तर आधी त्या बोटाला काय लागलंय ते हुंगून बघा. माझ्यासारखं बाजूला उभं राहून हसू नका. मी वेळेवर स्क्रूड्रायव्हर उचलला असता तर आईचा पाय भाजला नसता.

एन्कान्सा खाली मान घालून पुढे आला. "मावशी, चुकलं. माफ कर."

"माफीचं नंतर बघू," आई म्हणाली. "अंगठा ठेव. आता उचल. कोण रडतंय?"

"पट्टी, मावशी."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"पट्टी रडतेय!"

आईनं पाइप दुसऱ्या हातात घेतला आणि त्याच्यामागे लागलेल्या ड्रायव्हरांच्या रांगेकडे पाहिलं. "चला," ती म्हणाली, "पुढचा."